बँकॉकमध्ये जाळलेला गोंडा

बँकॉकच्या एका मोठ्या मॉलमधून एका दुपारी सगळ्या गिऱ्हाइकांना रस्त्यावर काढण्यात आलं. त्यात मी सोडून बाकी सगळे निर्दोष होते.

पवनी गावात आमचं कोशाच्या कापडाचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. कोसा म्हणजे आमच्याकडचं रानातलं रेशीम. ते खरं की खोटं हे ओळखायची आमची एकच रीत. कडेचा एक धागा ओढायचा, त्याला काडी लावायची आणि हुंगायचं. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर गिऱ्हाइकाने शिव्या देत उठायचं. मी हे दिवसातून दहादा करतो. या माणसाला कापडात कोणी फसवू शकत नाही, असं पवनीत म्हणतात. (म्हणणारा मीच, पण मोठ्याने म्हणतो.)

तर आमच्या मुलीचं, रेणूचं लग्न शहापूरला ठरलं. बोलणी झाली त्या दिवशी मी दुकानातला सगळ्यात भारी शेला विहीणबाईंच्या हातात ठेवला. त्यांनी तो दोन बोटांनी चाचपला.

"छान आहे जी इवाई," त्या म्हणाल्या. (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात.) "असे चार आहेत माझ्यापाशी. आमच्या जाऊबाईले तिच्या सुनेनं बाहेरदेशातून आणला, मोठ्या कंपनीचा. काय दिसते तो!"

पाहुणे गेल्यावर माझी बायको मंदा माझ्यासमोर येऊन बसली.

"अजी, त्या काय म्हणून राहिल्या होत्या, कळलं का तुमाले?"

"कळलं ना. शेला आवडला त्यांले."

"कप्पाळ आवडला! बाहेरदेशातला पाहिजे त्यांले. साक्षगंधात साधा दिला, तर पोरीले जन्मभर ऐकावं लागन."

योग असा की साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, महिनाभर आधीच आमच्या ठोक व्यापाऱ्याने आम्हा सगळ्या दुकानदारांची जोडीने बँकॉकची सहल काढली होती. मंदाने बॅगेत कपडे कमी आणि यादी जास्त भरली. यादीत पहिल्या ओळीत 'विहीणबाई' आणि त्याखाली दोन रेघा.

चौथ्या दिवशी गाइडने मॉलसमोर बस थांबवली. इथे जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा माल निम्म्याहून कमी भावात मिळतो, असं तो म्हणाला, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बस रिकामी झाली. दुकानात शिरलो तर एका पोरीने हात जोडून, वाकून स्वागत केलं. मी सवयीने "राम राम" म्हणून दुकान किती जुनं आहे ते विचारलं. तिने मला कपडे बदलायची खोली दाखवली.

मंदाला शेला सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. निळा, झुळझुळीत, चारी कोपऱ्यांना गोंडे आणि मधोमध कंपनीची खूण, लांबून वाचता येईल एवढी. (विहीणबाईंची जाऊ तशी लांबच बसते.) भावाची पाटी पाहिली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

"इतका स्वस्त? मोठ्या कंपनीचा? नकली आहे हा."

"अजी, मॉल आहे हा. बाजारातला ठेला नाही."

"मॉलवाल्याले कापड कळते का? थांब, मी पाहतो."

"नका पाहू बाप्पा," मंदा एकदम हळू आवाजात म्हणाली. "इथं नका पाहू."

माझं 'पाहणं' म्हणजे काय हे तिला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. पण प्रश्न पोरीच्या सासरचा होता. भर साक्षगंधात शेला नकली निघाला असता तर आमच्या घराण्याचं नाक कापलं गेलं असतं. मंदाच्या सकाळच्या उदबत्तीसाठी हॉटेलखालून घेतलेला लाइटर माझ्या खिशातच होता. मी शेला घेऊन त्या पोरीने दाखवलेल्या खोलीत शिरलो आणि कडी लावली.

पहिला धागा ओढला, पेटवला, हुंगला. वासच येईना! चार दिवसांच्या एसीने माझं नाक चोंदलं होतं. हरकत नाही म्हटलं, राख पाहू. तर राख पडली गालिच्यावर आणि गालिचा काळा. दुसरा धागा जाळला, तीही राख तिथेच गेली. मी गुडघ्यांवर बसून दोन धाग्यांची राख चाचपडू लागलो. बाहेरून त्या पोरीने दार वाजवून काहीतरी विचारलं. मी आतून "गुड, गुड" म्हणालो.

मग मी व्यापारी डोक्याने विचार केला. नाक बंद असेल तर माल जास्त जाळावा. आणि मी अख्ख्या गोंड्यालाच लाइटर लावला.

गोंडा असा पेटला की मी लाइटर टाकला, शेला टाकला आणि दोन्हीवर नाचलो. हाताने थापटून आग विझवली. ती विझली खरी, पण धूर वर गेला. वर छताला एक पांढरी गोल डबी होती. मी तिला दिवा समजत होतो. ती बोंबलायला लागली. मग शेजारची बोंबलली, मग सगळा मजला, मग बाहेर कुठेतरी भोंगा. लोक पळाले, मीही पळालो. पळताना शेला कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून गळ्यात घातला.

फुटपाथवर गर्दीत मंदा सापडली.

"अजी, दुकानात आग लागली म्हणे!" मग तिची नजर खाली आली. "गळ्यात काय आहे तुमच्या?"

"शेला."

"त्यातून धूर काहून निघून राहिला?"

उत्तर द्यायच्या आत दुकानाचा मॅनेजर दोन सिक्युरिटीवाल्यांना घेऊन आला. "स्मोकिंग?" त्याने विचारलं.

"नो स्मोकिंग," मी म्हणालो. "आय स्मोक क्लॉथ."

"व्हाय?"

कोसा, वास, राख हे सगळं इंग्रजीत कुठून आणू? मी खुणा करून दाखवलं. हवेतला धागा ओढला, पेटवला, डोळे मिटून हुंगला. मॅनेजरने आणखी दोन सिक्युरिटीवाले बोलावले. शेवटी आमचा गाइड धावत आला, माझ्या वतीने सगळ्यांना हात जोडले आणि निकाल सांगितला. शेला आता आपलाच, आणि जाळलेल्या मालाला सेल लागत नाही. स्वस्तातला माल मी छापील किमतीला घेऊन बसमध्ये बसलो.

"जाऊ द्या," मंदा म्हणाली. ती रागावली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. "पण खरा आहे ना तो? वास आला का?"

"आला ना. अगदी केस जळल्यासारखा." (केस जळले होते हे खरं आहे. माझ्या हाताचे.)

पवनीला आल्यावर मंदाने उरलेले तीन गोंडेही कापले, म्हणजे शेला मुळातच बिनगोंड्याचा वाटेल. पोळलेला कोपरा मला हात लावू न देता आत मुडपून खोक्यात ठेवला.

साक्षगंधाला विहीणबाईंनी खोकं उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. शेजारच्या जाऊबाईंचा उतरला. माझा जीव भांड्यात पडला.

"खरं रेशीम आहे का जी?" जाऊबाईंनी विचारलं.

सगळा मांडव माझ्याकडे पाहू लागला.

"शंभर टक्के," मी म्हणालो. "स्वतः पारखून घेतला."

विहीणबाईंनी चष्मा लावला, शेल्याची कड उलटली आणि तिथे शिवलेली बारीकशी चिठ्ठी मोठ्याने वाचली, "शंभर टक्के पॉलिएस्टर." आमच्या कोशाला चिठ्ठी नसते. कापडावर वाचण्यासारखं काही लिहिलेलं असतं, हे मला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं. "आणि इवाई, हा कोपरा कायनं पोळला?"

मी मंदाकडे पाहिलं. तिने खांदे पाडले आणि सगळं सांगून टाकलं. नुसतं सांगितलं नाही, माझी नक्कल करून दाखवली, हवेतला धागा हुंगण्यासकट. रेणूने तोंड झाकलं. आपल्या हाताने पोरीचं लग्न मोडलं असं मला वाटलं, आणि खरंच रडू आलं.

विहीणबाईंच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण ते हसून हसून. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "शेला मी ठेवून घेतो इवाई. असा जाऊबाईपाशी नाही. कोणापाशीच नाही. पण एक अट आहे. लग्नाचा बस्ता मी आणि मंदाताई मिळून बांधतो. कापडात तुम्ही पडू नका."

आणि त्यांनी शब्द पाळला. लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानातून घेतलं, आमच्या दुकानाच्या अगदी समोरच्या. मलाही सोबत नेलं होतं, पिशव्या धरायला.