दत्ताची व्हेप आणि जळक्या नान

तिसरी नान भट्टीत पडून कोळसा झाली, तेव्हा शेठ आमच्या जपानातल्या हॉटेलच्या किचनमध्ये आले.

"काका, हा उभ्या उभ्या झोपतो की काय?"

झोपतच होता. दत्ता आमचा तंदूरवाला. हातात गादी, म्हणजे नान भट्टीच्या भिंतीला थापायची कापडी उशी, आणि डोळे मिटलेले. उद्या स्वतःच भट्टीत गेला असता.

शेठ मला म्हणाले, "महिनाअखेर बघतो. नाही सुधारला तर घरी." नोकरी गेली की इथे व्हिसाचंही अवघड. चिपळूणला त्याची दोन पोरं शिकतायत.

मागच्या दाराशी त्याला धरला. "दारू?"

"नाही हो काका. व्हेप."

इथे तंबाखू न जाळता तापवणारी कांडी मिळते, आम्ही तिलाच व्हेप म्हणतो. दत्ताला मागे कानात नसलेल्या माणसांचे आवाज यायचे. तेव्हापासून मानसिक आजाराची, म्हणजे आमच्या भाषेत डोक्याची गोळी चालू. शेठना पत्ता नव्हता.

"गोळी आवाज बंद करते, सिगारेट जागं ठेवते," दत्ता म्हणाला. "पोरीने शपथ घातली म्हणून सोडली. व्हेप म्हणजे मीठ नसलेली आमटी, नुसती झोप येते. परत सिगारेटच धरतो."

"डॉक्टरला विचारलंस?"

"वाईट सोडलं, त्यात विचारायचं काय?"

मलाही पटलं. पण त्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या, म्हणून आधी त्याला घेऊन क्लिनिकला गेलो.

असल्या कामाला पूर्वी आमची ही जायची. तिचं जपानी फाडफाड. गेल्या वर्षी ती गेली. माझं जपानी कांद्या-बटाट्यापुरतं. मी डॉक्टरांना धूर सोडून दाखवला, हाताने फुली मारली, मग मान टाकून घोरलो. नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोनमधल्या भाषांतरावर समजावलं. सिगारेटच्या धुराने दत्ताची ती गोळी अंगात लवकर संपायची. धूर बंद झाला, तीच गोळी जास्त चढली. झोप व्हेपची नव्हती, गोळीची होती.

रक्त तपासून त्यांनी गोळी कमी केली. सिगारेटकडे परत जाऊ नका म्हणाले, आणि पुढे व्हेपही सोडायचीय.

दत्ताने स्वतःच शेठना सगळं सांगितलं.

"आधी बोलायला काय झालं होतं?" शेठ ओरडले. "भट्टीपासून लांब हो. कांदे चीर!"

महिनाअखेरीला तो परत भट्टीवर होता. नान फुगल्या. आमटी अजून अळणीच आहे म्हणतो.

तर डोक्याची गोळी चालू असेल आणि सिगारेट सोडलीत, तर डॉक्टरला सांगा. घोरून दाखवावं लागलं तरी सांगा. आज ही असती आणि हे घोरणं घरी सांगितलं असतं, तर पोट धरून हसली असती. आता तुम्ही हसा.