एकाच परक्याची जागा

गावाकडं नोटा बंद झाल्या, त्याच्या फुडल्या गनपतीतली गोष्ट. आमी कॅनडात सरेला ऱ्हात व्हतो. नातीला नुकतंच लायसन मिळालेलं. गाडीच्या पाठीमागं हिरवा 'एन' चिकटवलेला, म्हंजे चालवनारं नवं हाय.

नात म्हनते, पन मी तिच्या बापाची आत्या. भावजय बाळंतपनात गेली. मी तवा नवरा वारल्यावर माहेरीच आल्याली. नऊ दिसाचं पोर माझ्या वटीत आलं. शेरडीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून जगवलं. फुडं त्याची पोर वाडवाय इमानात बसून हितं आले. पोर मलाच आजी म्हनायची.

त्या साली सुनंची आई पुन्याहून आली. शाळंत मास्तरीन व्हती, इंग्रजी फाडफाड. दोन म्हयन्यात पोरगी तिच्याशी खिदळाय लागली. माझ्याशी सतरा वर्सं नुसतं 'जेवले' आन् 'झोपते'.

गनपतीला मंडळाचा कार्यक्रम एका शाळंच्या हॉलात. पोरगी लेझीम खेळनार व्हती. पावलं म्याच शिकवलेली, बेसमेंटात, तिचा हात धरून. तिचा बाप ट्रकवर गेलेला, आई कामावर. सकाळी मोदक केले, चांगलं लुगडं नेसले, डबा घिऊन भाईर आले. गाडीत फुडं विहीन बसल्याली, मागं पोरीची मैत्रीन, लेझीमच्या जोडीची.

"आजी, सॉरी. तुला नाही नेता येणार."

"का गं? मागं जागा हाय की."

"रूल आहे. एनवाल्याला फॅमिली सोडून ओन्ली वन पॅसेंजर. ही झाली वन."

"आन् मी कोन?"

तिनं स्टिअरिंगकडं बघितलं. "ग्रँडमदर चालते. डॅडची आत्या लिस्टमध्ये नाहीये. पोलिसांनी पकडलं तर?"

विहीन खाली उतरली. "आत्याबाई, तुम्ही बसा माझ्या जागी. मी येते बसनं."

"नानी, त्यानं काही होत नाही. तू फॅमिली, काउंटच होत नाहीस."

म्हंजे सरकारनं बी तिलाच आजी केलं. वर गाडीतनं उतरून भलेपना बी तिनंच घेतला. त्योच जास्त झोंबला. विहीन परत आत बसली तवा डबा तिच्या मांडीवर दिला. "आडवा करू नगा, फुटतील."

दोन बशी बदलून गेले. पोचले तवर लेझीम संपल्याली, डबा रिकामा. बाया विहिनीला म्हनत व्हत्या, "काय कळ्या पाडल्यात मोदकाला!"

"माझे नाहीत हो, आत्याबाईंचे."

राग धराय बी तिनं जागा ठेवली न्हाई.

परतताना मैत्रीन आपल्या बापाबरुबर गेली. पोरीनं मागनं येऊन माझी पिशवी काढून घेतली.

"चल आजी. आता वन पॅसेंजर तू."

विहीन फुडच्या दाराला हात लावत व्हती.

"नानी, तू मागे."

मी फुडं बसले. पट्टा लागंना, पोरीनं वाकून लावला.

"लेझीम मिस झाली ना तुझी? घरी दाखवते."

"नानीनं बघितली न्हवं? मग मला एकटीलाच दाखव."

पोरगी हसली. मागं विहीन खोकली. मी वळून बघितलं न्हाई.