कागद इकडे द्या

"कुशीवर वळा आजी. हां. आता जोर लावा."

मी जोर लावला. आतड्याचं शेवटचं टोक मुठीएवढं बाहेर आलं. पडदा उघडाच. पायाशी सहा विद्यार्थी.

"नीट बघून घ्या," डॉक्टर त्यांना म्हणाले. "रोज बघायला मिळत नाही."

मला कुणी विचारलं नव्हतं. एक मुलगा हसू दाबत होता.

फरशी पुसणाऱ्या मावशी ओरडल्या, "पडदा तरी वडा की वं! माणूस हाय ते!" आणि त्यांनीच तो ओढला.

मी इंग्रजीची एम.ए. बत्तीस वर्षं कोल्हापुरात कॉलेजात शिकवलं. मला तेवढं बोलता आलं नव्हतं.

नातवंडांनो, या आजाराला गुदभ्रंश म्हणतात. चार वर्षं मी घरात मूळव्याध आहे म्हणून सांगितलं. खोकला आला, बादली उचलली, की बाहेर. हाताने आत ढकलायचं, जुन्या लुगड्याची घडी लावायची. पेठ वडगावला बहिणीकडे जाणं सोडलं. सगळं तारखेनिशी वहीत लिहिलं. वही उशाशी होती. कुणी मागितली नाही.

पडद्यापलीकडे डॉक्टर माझ्या मुलाला, तुमच्या मामाला, सांगत होते, "एकाहत्तर वय. ऑपरेशन खालूनच करू. कमरेत इंजेक्शन, पोटाला हात लावायला नको. परत बाहेर आलं तर परत बघू."

"तुम्ही म्हणाल तसं," मामा म्हणाला.

"इथं सही करा," नर्स म्हणाली. "पेशंटला कशाला त्रास."

"तो कागद इकडे द्या."

हे मी म्हणाले. मोठ्यानं.

"आई, तू पड गं. डॉक्टरांना कळतंय की."

"त्यांना आजार कळतो. तो कुणाचा आहे ते कळलेलं नाही."

मी उठले. साडी नीट केली. पडदा सारला. खुर्चीवर बसले. बसताना कळ आली. तरी बसले.

"दुसरा मार्ग कोणता?"

डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघून सांगा."

मग सांगितलं. पोटाला लहान छेद घेऊन, दुर्बिणीने आतडं वर ओढायचं, मागच्या हाडाला जाळीने पक्कं करायचं. परत बाहेर येण्याची शक्यता कमी. पण पूर्ण भूल. नंतर बद्धकोष्ठ वाढू शकतं. खालून केलं तर शरीरावर ताण कमी, पण आजार परतण्याची शक्यता जास्त.

"भूल झेपली नाही तर?" डॉक्टर म्हणाले.

"ते तपासून सांगा. वयावरून सांगू नका."

पाच मिनिटं लागली. एवढीच.

तपासण्या झाल्या. हृदय, फुफ्फुसं ठीक. गुरुवारी ऑपरेशन, पोटातून. धोका मला माहीत आहे. सही माझी आहे. मामा दोन दिवस माझ्याशी बोललेला नाही. नाही तर नाही.

कधी तुम्ही माझ्या खाटेशी उभे असाल आणि कुणी तुम्हाला विचारेल, "आजींचं काय करायचं?" उत्तर द्यायचं नाही. माझ्याकडे बोट दाखवायचं. मी शुद्धीत आहे तोवर मला विचारल्याशिवाय मला कुणी हात लावणार नाही. तुम्हीसुद्धा नाही.