हाडवैद्य आहेच की

पाणीगेटच्या तालमीतल्या हाडवैद्याच्या हाताला गुण आहे, असं सगळं बडोदं सांगायचं. मला विचाराल तर त्या गुणानंच आमच्या घराचा घात केला. आमचे हे त्या तालमीतले पैलवान. कुस्तीत यांचा उजवा खांदा निखळला की वैद्य तो तिथल्या तिथे बसवायचा, तेल चोळायचा आणि बजावायचा, "महिनाभर मातीत उतरू नका." पण ऐकतो कोण? तालमीचे वस्ताद म्हणायचे, "महाराजांपुढे कुस्ती आहे. पुन्हा निखळला तर हाडवैद्य आहेच की!" आणि हे मान डोलवत निघायचे. वैद्य नसता तर निदान भीती तरी वाटली असती मेल्यांना!

शेवटी तो हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. कुस्ती सुटली, कचेरीत पट्टेवाल्याची नोकरी आली. कामावर निघताना यांचा फेटा रोज मी बांधू लागले.

एकदा वस्ताद घरी आले, माझ्या हातचा चहा प्यायले आणि आमच्या मुलाची पाठ थोपटून म्हणाले, "याला धाडा तालमीत. काही झालंच तर हाडवैद्य आहेच की." माझा नुसता तिळपापड झाला. यांनी नको म्हणावं ना? छे! छाती फुगवून म्हणाले, "उद्याच पाठवतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीची वेळ झाली तशी स्वारी फेटा हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. मी पोळ्या लाटत होते. मान वर न करता म्हटलं, "हाडवैद्य आहेच की. त्याच्याकडून घ्या बांधून."