खिडकीतून आलेला वाडगा

शिंपीणबाईंनी साठी कधीच ओलांडली, तरी रविवारी डुकराच्या मटणाचं पातेलं चढलं की सासूबाईंची आठवण निघते म्हणजे निघतेच. आणि निघाली की डोळे पुसत, हसत पुरती सांगून होईपर्यंत पळी हलत नाही.

लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून दोनच गोष्टी आणल्या होत्या, शिवणयंत्र आणि या मटणाची चटक. यंत्राला लगेच जागा मिळाली. मटणाचं नाव काढताच सासूबाईंनी हात जोडले. "तुला खायचंय ते खा बाई, पण माझ्या स्वयंपाकघरात नाही!"

बाईंनी वर्षभर कळ काढली. शेवटी नवऱ्याला दया आली. तो वायरमन, त्यानं मागच्या गॅलरीत दिवा ओढून दिला, शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं. बाईंनी लाल मिरच्या, लसूण, आलं, मिरी, लवंगा व्हिनेगरमध्ये वाटल्या. वाटण तापल्या चरबीत पडलं मात्र, मिरचीची अशी खाट उठली की स्वयंपाकघराच्या खिडकीआड सासूबाईंना ठसक्यावर ठसका! संपलं सगळं, बाईंना वाटलं, आता पातेल्यासकट माहेरी रवानगी. पण खिडकीतून आला तो वाडगा. घट्ट दही, त्यात किसून पिळलेली काकडी, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड.

"माझ्या लेकाच्या पोटात आग नको," एवढं बोलून खिडकी धाडकन बंद.

तेव्हापासून तीस वर्षं हेच. सासूबाईंनी रश्शाला कधी बोट लावलं नाही. ठसका किती लागला त्यावरून दही किती घ्यायचं ते ठरवायच्या, आणि ते अगदी बेताचं निघायचं. बाई मुद्दाम दोन मिरच्या वाढवायच्या, की सासूबाई वाडगा मोठा घ्यायच्या.

"काय गं, आज घर पेटवतेस की काय?"

"मग तुमचं दही कशाला आहे, आई?"

एरवी दोघींचं बोलणं कामापुरतं. रविवारी मात्र खिडकीतून नुसती जुगलबंदी.

मग सासूबाईंना एक मोठा ताप आला. त्यातून उठल्या, पण पुढच्या रविवारी ठसका नाही, आणि वाडगा आला एवढासा. वायरमन नाक पुसून बेजार. दोन दिवसांनी दूध उतू जाऊन करपलं, सासूबाई शेजारीच बसलेल्या, त्यांना पत्ताच नाही. बाई काय समजायचं ते समजल्या. म्हातारीचं नाक गेलं होतं.

सांगणार कोणत्या तोंडानं? डोळे अधू झाले तसं तांदूळ निवडणं सुटलं, गुडघ्यांनी झाडलोट सोडवली. एवढा एक वाडगा उरला होता. तोही हातातून गेला तर सासूबाई कोपऱ्यात बसून भिंतीकडे बघणार, आणि ते बाईंना बघवलं नसतं. पुढच्या रविवारी फोडणी पडताच बाई गॅलरीत स्वतःच खोकायला लागल्या. असा खोकला की शेजारीण औषध घेऊन आली! वाडगा भरून आला.

असं दोन वर्षं चाललं.

एका रविवारी ऐन फोडणीला एक गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं. बाह्या घट्ट झाल्या म्हणून हुज्जत घालत बसलं. बाई परत आल्या तेव्हा मसाला परतून झाला होता, नवऱ्यानं पाणीही ओतलं होतं. खोकायचं राहून गेलं. धास्तावून खिडकीकडे बघतात तर काठोकाठ भरलेला वाडगा हजर.

"आज तर मी..." बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"खोकली नाहीस. माहीत आहे." सासूबाई तिथेच उभ्या होत्या. "तुझं ते खोटं खोकणं मला कळत नाही होय? लेकाला सकाळीच विचारते, मिरच्या किती भिजवल्या म्हणून."

"अहो आई, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार? बोलले असते तर तू खोकायची थांबली असतीस." म्हातारीनं पदरानं वाडग्याची कड पुसली. "दर रविवारी तू खोकायचीस ना, तेव्हा वाटायचं, लेकीनंही माझ्यासाठी एवढं केलं नसतं."

बाई तिथेच हुंदके देऊन रडल्या. तिकडे रस्सा बुडाला लागला. त्या दिवशी करपलेलं मटण नवरा-बायकोनं मुकाट्यानं खाल्लं, आणि सासूबाईंनी वाडग्यात दुसऱ्यांदा दही घातलं.