सोलेदाद कुठेही जाणार नाही

आमच्या सान रोके गावात बेनिल्दाच्या तीनचाकीत बसला नाही असा माणूस नाही. अडलेली बाळंतीण असो की बाजारचं डुक्कर, हाक मारली की ती हजर. केस पुरुषासारखे बारीक, तोंडात शिवी, गळ्यात मारियामातेचं पदक. घरात सोलेदाद, शिवणकाम करणारी. दोघी तरुणपणापासून एकत्र राहतात. गावाला सगळं ठाऊक होतं आणि गाव गप्प होतं. नवे फादर आले आणि हे गप्प राहणं संपलं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं पारायण बेनिल्दाच्या आईच्या वेळेपासून त्यांच्याच घरी होतं. एकाचा गळा बसला की दुसऱ्याने उचलायचं, गाणं तुटू द्यायचं नाही. गाणाऱ्यांना पेज आणि आल्याचा काढा सोलेदाद पुरवायची.

त्या वर्षी पारायण मंडळाच्या पुरिंगमावशी आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, फादरांचं म्हणणं आहे की सोलेदादने तेवढा आठवडा भावाकडे जावं. अशा घरात देवाचं नाव घेणं बरं दिसत नाही.

सोलेदाद मवाळ बाई. आत जाऊन ती पिशवीत कपडे भरू लागली. ते पाहून बेनिल्दाचं डोकं फिरलं. तिने पिशवी हिसकावली आणि कपडे खाटेवर उपडे केले.

"मावशी, ही परत येईल तेव्हा पाप सोबत आणेल, की भावाकडेच ठेवून येईल?"

"माझ्यावर कशाला डाफरतेस? मी निरोप्या."

"आजवर हिच्या हातची पेज ओरपलीत, तेव्हा नाही कुणी निरोप दिला."

मग तिने तीनचाकी काढली. मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत लागून राहते. प्रकरण हातघाईवर जाऊ नये म्हणून मीही चढले.

फादरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. त्यांचा आवाज इतका मऊ होता की बेनिल्दाला तोच जास्त झोंबला. त्यांनी समजावलं की चर्च कुणाचा द्वेष करत नाही, दोघी बहिणींसारख्या, वेगवेगळ्या घरांत राहिल्या तर सगळं सुरळीत होईल. शेवटी म्हणाले, "देवाला तू प्रिय आहेस, बेनिल्दा, पण..."

"थांबा, फादर. 'पण'च्या आधीचं देवाचं. पुढचं तुमचं. तुमचं तुम्ही ठेवा."

अशीच राहणार असशील तर ख्रिस्तप्रसाद देता येणार नाही, असं त्यांनी तितक्याच मऊपणे सांगितलं. परतताना तिने प्रत्येक खड्ड्यात गाडी मुद्दाम आदळली. माझी कंबर धरली.

पारायणाला मंडळातलं कुणीही आलं नाही. बेनिल्दाने पारायणाला लावतात तो कर्णा रस्त्याकडे वळवला आणि एकटीनेच सुरुवात केली. ती थकली की सोलेदाद, मग मी. माझा सूर म्हणजे फुटकं मडकं, तरी गायले. शिष्य 'मी येशूला ओळखत नाही' म्हणतो, त्या कडव्याला पुरिंगमावशी रस्त्याने जाताना दिसल्या. बेनिल्दाने ते कडवं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने. मग तिचा आवाज फाटला. ती मला म्हणाली, "मी देवावर रागावलेले नाही गं. त्याच्या दारावर बसलेल्यांवर रागावलेय. त्याला ते कळत असेल ना?" तोवर सोलेदादने पुढचं कडवं उचललं होतं. गुड फ्रायडेपर्यंत कोळीवाड्यातल्या चार बायका येऊन बसल्या. मंडळाचं कुणी नाहीच.

ईस्टरच्या सकाळी बेनिल्दा चर्चमध्ये प्रसादाच्या रांगेत उभी राहिली. सोलेदाद तिच्या मागे. फादरांनी प्रसादाचा हात तिच्यावरून पुढे नेला. ती हलली नाही. रांग खोळंबली, मागची माणसं चुळबुळू लागली. मग तिने रिकामी ओंजळ तशीच धरून प्रसाद घेताना म्हणायचं "आमेन" सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं आणि ती बाकावर येऊन गुडघे टेकून बसली. सोलेदादनेही तेच केलं. सोलेदादचा आवाज इतका ठणठणीत मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर दोघींनी एकही रविवार चुकवला नाही. ते फादर बदलून गेले, दुसरे आले, तेही त्यांना प्रसाद देत नाहीत. शेजारच्या गावात जा, तिथले फादर विचारत नाहीत, असं मीच एकदा सुचवलं.

"मी का जाऊ?" बेनिल्दा माझ्यावरच खेकसली. "माझा बाप्तिस्मा इथला आहे."

गेल्या रविवारीही तिला प्रसाद मिळाला नाही. पारायणाला आलेली कोळीवाड्यातली एक बाई रांगेत दोघींच्या मागे होती. प्रसाद तिच्यापुढे आला तेव्हा त्या बाईने हात मागे घेतला, नुसतं आमेन म्हटलं आणि ती बेनिल्दाच्या बाकावर जाऊन बसली.