टाळ्या पडेपर्यंत

अमेरिकेतल्या टोलेडो गावात एमेट वार्गाला कुणी साधं 'काय, कसं काय' म्हणत नसे. पेट्रोल भरायला गेला की पंपावरचा माणूस दोन बोटांचं पिस्तूल करायचा, घसा खरवडायचा आणि म्हणायचा, "हॅट काढ, पोरा!" दाताच्या डॉक्टरनं तर एमेटच्या तोंडात कापूस कोंबलेला असताना त्याच्याकडून ते म्हणवून घेतलं होतं. "ह्या गाढ, होगा" असं काहीतरी निघालं, तरी नर्स खूश.

तरुणपणी टीव्हीवर त्यानं शेरीफ हॉलिस केला होता. झुपकेदार मिशा, कमरेला पिस्तूल आणि दर भागाच्या शेवटी चोराला दरडावणं, "हॅट काढ, पोरा!" मालिका बंद पडली, मिशा पांढऱ्या झाल्या, वाक्य तेवढं तरणंताठं राहिलं. त्या वाक्याच्या जोरावर एमेटनं मोटारींच्या दुकानांच्या फिती कापल्या, गाद्यांच्या जाहिराती केल्या, जत्रेत भोपळ्यांना बक्षिसं वाटली. नट म्हणून मात्र कुणी बोलावलं नाही. आपल्याकडे बघून लोकांना एकदा तरी दुसराच कुणी दिसावा, एवढंच त्याला हवं होतं.

अशात बर्निस कोवाल्स्कीचा फोन आला. बर्निसचं जेवणाचं थिएटर होतं. प्रेक्षक टेबलांवर रोस्ट बीफ कापत बसतात आणि समोर नाटक चालतं. तिच्याकडे नट तेच वेटर. पांढरी जाकिटं घालून सूप वाढायचं आणि घंटा झाली की स्टेजवर जाऊन नवरा-बायको म्हणून भांडायचं.

"मी वाढणार नाही," एमेटनं आधीच सांगून टाकलं.

"तू कशाला बटाटे वाढशील राजा? तू स्टार!"

"आणि ते वाक्य म्हणणार नाही."

"कुठलं रे?" बर्निसनं असं विचारलं, जणू ती कालच गावात राहायला आलीय.

भूमिका होती एका म्हाताऱ्या औषधवाल्याची. बायको गेलेली, मुलगी रुसून दूर गेलेली, आणि हा दुकानातून घरी येऊन तिच्या फोनची वाट बघतो. एमेटनं ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी मिशा सफाचट करून आला.

बर्निसनं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, पोस्टरवर मिशा आहेत!"

"औषधवाल्याला नाहीत."

पण एक हौस त्याला सोडवली नाही. स्टार आत आला की लोक टाळ्या वाजवतात, तो क्षणभर थबकतो, मग नाटक पुढे सरकतं, ही इथली रीत. एमेटनं तेवढी जागा राखून घेतली. तो दारातून येणार, थांबणार, टाळ्या विरल्या की फोन वाजणार आणि मग त्याचं पहिलं वाक्य. फोनचं बटण हॉलच्या मागच्या, काचेच्या खोलीतल्या मार्व्हकडे होतं. तालमीत मार्व्हनं एकदा ते जरा लवकर दाबलं.

"मार्व्ह! टाळ्या कधी ऐकल्यास का आयुष्यात?" एमेट कडाडला. "त्या संपू देत, मग फोन! आधी वाजला तर टेलिफोनची वायर तुझ्याच गळ्यात घालीन!"

"टाळ्या, मग फोन," मार्व्ह च्युइंगगम चघळत म्हणाला. "बसलं डोक्यात, वार्गासाहेब."

पहिल्या प्रयोगाला हॉल भरला. घंटा झाली, पडदा उघडला. सोफ्यावर शेजारणीच्या भूमिकेतली डीना विणत बसलेली. टेबलांवर नुकतीच पीचची गोड पाय-पेस्ट्री आलेली, म्हणजे सगळ्यांच्या हातात काटे. दार उघडलं. औषधवाल्याचा पांढरा कोट घालून एमेट आत आला आणि थांबला.

काटे बशांवर वाजत होते. बाकी काही नाही.

एमेट थांबून राहिला. डीनाच्या सुया जोरात चालू लागल्या. फोन वाजल्याशिवाय तिलाही तोंड उघडता येत नव्हतं. तिनं डोळे मोठे करून मार्व्हच्या खोलीकडे पाहिलं. काचेआड मार्व्ह बोट बटणावर ठेवून तयार होता. टाळ्या, मग फोन. टाळ्या कुठायत?

"हा का उभा राहिलाय गं?" पुढच्या टेबलावरचे म्हातारबुवा कुजबुजले. कानाला यंत्र होतं, त्यामुळे कुजबूज पार मागच्या भिंतीपर्यंत गेली.

"वेटर असेल. वाट चुकून वर गेला बिचारा," त्यांची बायको म्हणाली आणि तिनं कप उंच धरला. "ए भाऊ! इकडे कॉफी दे! कॅफीन नसलेली हं, नाहीतर ह्यांना झोप नाही लागत!"

शेजारच्या टेबलावरूनही एक कप वर आला. एमेटला मिशांच्या जागी घाम फुटला. नाटकातलं पहिलं वाक्य होतं, 'हॅलो, तूच ना बाळा?' न वाजलेल्या फोनवर ते म्हणायचं कसं? मागे फिरावं तर दारापलीकडे बर्निस हाताची घडी घालून उभी. आणखी तीन कप वर झाले. "दूधपण आण!"

एमेटनं डोळे मिटले. हात आपसूक कमरेला गेला. घशातून तो जुना, खरबरीत आवाज निघाला.

"हॅट काढ, पोरा!"

वर झालेले कप हवेतच थांबले. मग कपवाली बाई किंचाळली, "अगं बाई! हा तर आपला शेरीफ!" आणि टाळ्यांनी हॉल दणाणून गेला. माणसं उभी राहिली, काटे पडले, म्हातारबुवांनी नसलेली हॅट काढली. टाळ्या मनसोक्त वाजून विरल्या तशी मार्व्हनं बटण दाबलं. फोन वाजला.

"हॅलो, तूच ना बाळा?" एमेट म्हणाला. लोक पोट धरून हसले. "तुझी आई गेली गं," तो म्हणाला. म्हातारबुवांनी दोन बोटांचं पिस्तूल रोखलं, "ठो!" एमेटनं सगळी वाक्यं म्हटली. एकही चुकलं नाही. एकही कुणाला ऐकू आलं नाही.

प्रयोगानंतर बर्निसनं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "सगळ्या सीझनची तिकिटं खपली! राजा, ते रोज घ्यायचं हं!"

"बर्निस, आपलं ठरलं होतं…"

"काय ठरलं होतं रे?"

दुसऱ्या दिवशी एमेट आरशासमोर बसून डिंकानं खोट्या मिशा चिकटवत होता. डावी बाजू सारखी सुटत होती. मार्व्ह दारात आला.

"वार्गासाहेब, आज फोन कशावर देऊ? टाळ्यांवर, की हॅटवर?"

एमेटनं मिशी बोटानं दाबून धरली होती. ओठ न हलवता तो म्हणाला, "हॅटवर."